कमी धोक्याचा माणूस

संपत गेल्याचं कळलं तेव्हा मी लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. सांगलीतल्या ज्या छापखान्यात मी काम करतो, तिथे दुपारी जेवणासाठी यंत्रं थांबतात. त्या शांततेत फोन वाजला. शोभावहिनींचा नंबर होता. संपतची बायको. त्या मला कधी एकट्या फोन करत नसत. त्यांनी फोन लावला की संपत मागून ओरडून काय बोलायचं ते सांगत असे. या वेळी मागे कुणी ओरडत नव्हतं. "भावजी, ह्यास्नी घिऊन निघालोय मेढ्याला," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, सुट्टी काढून गावी निघालेत. मी विचारलंसुद्धा, "का? जत्रा आहे का?"... पलीकडून नुसता गाडीचा आवाज येत राहिला. मग त्यांच्या भावाने फोन घेतला आणि गाडी कसली आहे ते मला सांगितलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण संपतबद्दल नुसतं चांगलं लिहिलं तर तो मलाच ओळखू यायचा नाही. तो तोंडाने फाटका होता, दुसऱ्याच्या दुखण्याला हसायचा आणि शेवटची काही वर्षं तर कामावर त्याला कुणी चांगलं म्हणत नव्हतं. तरी तो माझा मित्र होता. लोणंदला एका खोलीत आम्ही दोघं राहिलो, एका डब्यात जेवलो आणि एकाच कारखान्यात, एकाच पिठाच्या ढगात उभे राहिलो.

तो ढग ज्याने पाहिला नाही त्याला सांगायला हवं. पाव, टोस्ट आणि बिस्किटं करणारा तो मोठा कारखाना. आमचा विभाग कणीक मळण्याचा. मैद्याची पोती फाडायची आणि यंत्राच्या तोंडात उलटी करायची. वर पाव फुगावा, मऊ व्हावा म्हणून एक बारीक भुकटी टाकायची. पोतं उलटं झालं की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. दुपारपर्यंत भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळं पांढरं. भिंतीवर धूळ ओढून घेणारा मोठा पंखा होता. तो फिरायचा, आवाज करायचा, ओढत मात्र काही नव्हता. पहिल्याच दिवशी संपतने माझ्याकडे बघून सगळ्यांना हाक मारली, "अरं, ह्ये आटपाडकर बघा! एका दिसात म्हातारं झालं की रं!" तेव्हापासून गावावरून मी आटपाडकरच. माझं खरं नाव तिथे फार कुणाला ठाऊक नव्हतं.

तो मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचा. वडील सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, चुलता सैन्यात, थोरला भाऊ सैन्यात. संपतही भरतीला गेला होता. धावण्यात पहिल्या दोघांत आला, आणि कानाचा पडदा फाटलेला निघाला म्हणून परत पाठवला गेला. लहानपणी विहिरीत उड्या मारताना कधीतरी ते झालं असावं. हे दुःख तो छातीवर भरून काढायचा. शर्टाची बटणं उघडी टाकून सांगायचा, "कान गेला खड्ड्यात. छाती बघ, छाती! लष्कराच्या डाक्टरनं दोनदा फीत लावली. त्याला वाटलं फीतच चुकलीया." आणि ते खोटं नव्हतं. खांद्यावर मैद्याचं पोतं घेऊन तो जिना चढायचा आणि वर जाऊन शीळ घालायचा. मी रिकाम्या हातानं चढलो तरी मला शिंका यायच्या. सकाळी खोलीत शिंका, कामावर शिंका. तो म्हणायचा, "तुजी मशीनच गळकी हाय गड्या. परत कर कंपनीला."

मग डॉक्टर मॅडम आल्या. आमच्यातला एक जुना कामगार दम लागून काम सोडून गेला होता आणि वरून कुठून तरी विचारणा झाली होती, म्हणून कारखान्याने साताऱ्याच्या एका तरुण डॉक्टरणीला आठवड्यातून काही दिवस बोलवायला सुरुवात केली. त्या आम्हाला एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारायच्या. लहानपणी अंगावर खाजरे चट्टे उठायचे का? घरात कुणाला दमा आहे का? कामावर डोळे चुरचुरतात का, नाक गळतं का? आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का? शेवटचा प्रश्न त्या दोनदा विचारत. आम्हाला वाटायचं, सुट्टीत बरं वाटणं ही चांगली गोष्ट. त्यांनी समजावलं की सुट्टीत बरं वाटत असेल तर त्रास कामातून येतोय. मग हातावर पिठाच्या पाण्याचे थेंब टाकून सुईनं हलकंसं टोचलं. माझ्या हातावर गांधी उठली. संपतच्या हातावर काही नाही. मग नळीत जोरात फुंकायचं. संपतने असं फुंकलं की मॅडमना हसू आलं.

एक दिवस त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून सांगितलं. पिठाचा दमा प्रत्येकाला होत नाही. कुणाला होईल याचा आधी थोडा अंदाज बांधता येतो. ज्याला शक्यता जास्त, त्याला पिठापासून लांब काम द्यायचं. ज्याला कमी, त्याच्यावरही लक्ष ठेवायचं. आणि धूळ तर सगळ्यांसाठीच कमी करायची, पंखा बदलायचा, पोतं उलटं करायची पद्धत बदलायची. "हा अंदाज आहे," त्या म्हणाल्या, "निकाल नाही. लक्षात ठेवा." मला ते वाक्य आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. बाकीच्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. कारखान्याला तर नाहीच आलं. जास्त धोक्याचे म्हणून ज्यांची नावं निघाली, त्यांना लांबचं काम मिळालं नाही. कंत्राट संपलं की पुन्हा बोलावलं नाही, इतकंच. आणि आता आत सगळे धडधाकट छातीचेच उरले म्हटल्यावर पंखा कशाला बदलायचा, असं वरच्या साहेबांचं म्हणणं पडलं. मॅडम वर्षभर भांडल्या आणि सोडून गेल्या. त्यांनी पाडलेले जास्त धोक्याचे आणि कमी धोक्याचे हे भाग मात्र कारखान्याने ठेवून घेतले. वर्षातून एकदा दुसरा कुणी डॉक्टर यायचा, तेच प्रश्न घाईघाईत विचारायचा, आणि कुणाची छाती बिघडतेय ते कळलं की तो माणूस पुढच्या महिन्यात दिसायचा नाही.

माझ्या आईला दमा होता, मला शिंका होत्या, हातावर गांधी उठली होती. मी पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. सामान बांधत होतो तेव्हा संपत कॉटवर पडून बघत होता. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "खिडकीकडची कॉट आता माजी." मी दाराबाहेर पडल्यावर मात्र मागून आला, माझी पेटी उचलली आणि स्टेशनपर्यंत न बोलता चालला. गाडी हलली तेव्हा ओरडला, "आटपाडकर! श्वास घ्या सायेब, श्वास घ्या!" आणि हसत सुटला.

मी सांगलीला आलो, छापखान्यात लागलो. शिंका वर्षभरात थांबल्या. संपत तिथेच वाढला. लग्न झालं, मुलगी झाली, तो विभागाचा सुपरवायझर झाला. कमी धोक्याचा म्हणून त्याचं नाव झालं होतं आणि ते तो सैन्यात मिळालेल्या बिल्ल्यासारखं मिरवायचा. त्याच्या वडिलांना, तात्यांना, त्याने गावी जाऊन सांगितलं होतं, "लष्करानं घेतलं न्हाई, पर कंपनीच्या डाक्टरनं सांगितलंय, हितं माज्यावानी छाती कुणाची न्हाई." तात्या गावातल्या लोकांना ते सांगत फिरले.

सुपरवायझर झाल्यावर त्याला आणखी एक काम मिळालं. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आत कोण खोकतो, कोण शिंकतो, कोण मधेच बाहेर जाऊन उभा राहतो, ते साहेबांच्या कानावर घालायचं. त्याने ते केलं. बाळू नावाचा फलटणकडचा एक माणूस होता, त्याच्याच हाताखाली कामाला. रात्री झोपताना छाती वाजते, हे बाळूने संपतला विश्वासाने सांगितलं, एखादं औषध ठाऊक असेल म्हणून. महिन्याभरात बाळू बाहेर. फाटकावर त्याने सगळ्यांदेखत संपतला आईवरून शिवी दिली. मी फोनवर संपतला विचारलं, "का रे सांगितलंस?" तो म्हणाला, "मी न्हाई सांगितलं तर दुसरा सांगंल. आन् मग दुसरा सुपरवायझर हुईल." वर म्हणाला, "त्याच्याच भल्याचं हाय की. तू न्हाई का बरा झालास?" बाळूला काढल्यापासून तो विभागातून फिरायला लागला की माणसं खोकला गिळायची. तो एखाद्या कोपऱ्यात थांबला की तिथून निघून जायची. ते त्याला कळत होतं आणि सुरुवातीला तरी आवडत होतं.

त्याला स्वतःला त्रास कधी सुरू झाला ते त्याने कुणाला सांगितलं नाही. शोभावहिनींना पहिल्यांदा गावी कळलं. गणपतीला ते मेढ्याला गेले, आणि संपत पहाटेपर्यंत गाढ झोपला. लोणंदला तो उशाला दोन उशा घेऊन बसून झोपायचा. वहिनी सहज म्हणाल्या, "गावाकडं आलं की तुमी झोपता." तो ताटावरून उठला. "ह्ये वाक्य पुन्यांदा तोंडातनं काढायचं न्हाई. कुणाम्होरं न्हाई." प्रश्न त्याला पाठ होते. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं की माणूस बाहेर जातो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दरवर्षी तो सगळ्याला नाही म्हणत गेला. डोळे चुरचुरतात? नाही. सुट्टीत बरं वाटतं? नाही, जसं असतं तसंच. फुंकायच्या नळीच्या दिवशी तो आजारी रजा टाकायचा, पुढे डॉक्टरही नळी आणीनासा झाला.

मागच्या हिवाळ्यात तो अचानक सांगलीत माझ्याकडे येऊन थडकला. लोणंदहून गाडीने आला होता, साताऱ्यात डॉक्टरकडे गेलं तर कुणी ओळखीचं भेटेल म्हणून थेट इकडे. स्टेशनपासून माझ्या घरापर्यंत चालत आला होता आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता. मी खाली आलो तर म्हणाला, "तुजा जिना लय वंगाळ हाय गड्या." ओठ निळसर, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वयस्क गृहस्थ, फार बोलणारे नाहीत. त्यांनी ऐकलं, तपासलं, काम काय करता विचारलं आणि सांगितलं की हा पिठाचा दमा आहे. "ते काम सोडा. उद्यापासून नाही, आजपासून. तिथे राहिलात तर औषध पुरं पडणार नाही. एक दिवस पंप ओढाल आणि त्याचा काही उपयोग होणार नाही."

संपत म्हणाला, "डाक्टर, पर मी कमी धोक्याचा हाय."

"कुणी सांगितलं?"

"तपासलंय मला. सुई टोचून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कमी म्हणजे नाही असं नव्हे. आणि इतकी वर्षं पीठ खाल्ल्यावर कुणाचं काय होईल, हे पहिल्या दिवशीच्या सुईला कसं कळणार?"

बाहेर आल्यावर आम्ही चहाच्या गाड्याजवळ उभे राहिलो. नवा पंप त्याच्या मुठीत होता. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या छातीकडे. "तुला झाला का रं दमा?"

"नाही."

"कदीच न्हाई?"

"नाही."

"म्हंजी तुला फुकाटच हाकाललं की!" आणि तो हसायला लागला, तेच जुनं हसणं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो गाड्याला धरून वाकला, आणि चहावाल्याने आपले पेले लांब सरकवले. मी त्याची पाठ चोळत राहिलो. मी तिथे राहिलो असतो तर मलाही झाला असता का, हे मला कधीच कळणार नाही. बाहेर काढलेल्या माणसाला ते कळायची सोयच नसते. आत राहिलेल्याला मात्र कळतं.

मी त्याला म्हटलं, "सोड. इथे ये, काहीतरी बघू." तो म्हणाला, "काय बघू? तात्यास्नी काय सांगू? माजी बी मशीन गळकी निगाली?" गाडीत बसवताना त्याने पंप पायमोज्यात खोचला आणि पँट खाली ओढली. "फाटकावर झडतीला हितं कुणी बघत न्हाई," म्हणाला. ती आमची शेवटची भेट.

शेवटचं जे झालं ते मला अंत्यविधीनंतर कारखान्यातल्याच एका कामगाराने सांगितलं. त्याचं नाव लिहीत नाही, तो अजून तिथेच आहे. कारखान्यात आता सगळीकडे कॅमेरे आहेत. फक्त मैद्याच्या कोठारात नाहीत, कारण तिथे भिंगावर पीठ बसतं आणि काही दिसत नाही. म्हणून संपत पंप ओढायला कोठारात जायचा. दम्याच्या माणसाने जिथे पाऊलही टाकू नये तिथे, पोत्यांच्या थप्प्यांमागे, औषध घ्यायला. त्या दिवशी सकाळच्या पाळीत तो असाच आत गेला आणि मागे दार लोटून घेतलं. बाहेर चार-पाच माणसं काम करत होती. वर्षाची तपासणी जवळ आली होती, सगळे घाबरलेलेच होते.

"आमाला वाटलं, सायेब कुणाला तरी धराय बसल्यात आत," तो कामगार मला म्हणाला. आम्ही नदीच्या काठाला उभे होतो, त्याची नजर चितेकडे नव्हती. "खोकल्याचा आवाज आला. मोठा आला. आमी म्हटलं, मुद्दाम खोकत्यात. आमाला खोकला येतोय का बघत्यात. मग काय... आमी समदी गप उभी ऱ्हायलो. मला लय उबळ आली हुती, मी तोंडावर फडकं दाबलं."

"आणि मग?"

"मग आतला आवाज बंद झाला. आमाला बरं वाटलं."

पोतं आणायला कुणीतरी आत गेलं तेव्हा तो थप्पीला टेकून बसलेला होता. पंप हातात होता, रिकामा. केस, चेहरा, मिशा सगळं पांढरं.

अंत्यविधीला बाळूही आला होता. तो आता टेम्पो चालवतो. लांब, झाडाखाली उभा होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मी शिवी दिली हुती फाटकावर." मग तो म्हणाला, "लागली आसंल तर लागू दे." पण तो शेवटपर्यंत थांबला, आणि परतीच्या वाटेवर तात्यांना त्यानेच टेम्पोत पुढे बसवून घरी पोचवलं. आपण कोण, हे त्याने त्यांना सांगितलं नाही.

कारखान्याने सांगितलं, हृदयविकार. शोभावहिनी भावाला घेऊन भरपाईचं विचारायला गेल्या. टेबलामागच्या अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संपतच्या तपासण्यांचे कागद काढून दाखवले. पहिल्या तपासणीत धोका कमी. त्यानंतर दरवर्षी, कसलाही त्रास नाही. "तुमच्या मिस्टरांनीच सांगितलंय, बाई. कामाचा दमा असता तर ते बोलले नसते का?" वहिनी म्हणाल्या, "ते खोटं बोलत हुते." अधिकारी म्हणाला, "मग त्याला कंपनी काय करणार?" हे मला सांगताना वहिनींचा आवाज चढला नाही की पडला नाही. जो शब्द तो आयुष्यभर छातीवर लावून फिरला, तोच कंपनीने त्याच्या बायकोसमोर ठेवला.

गेल्या रविवारी मी मेढ्याला गेलो होतो. मी पोचलो तेव्हा डॉक्टर मॅडम आधीच आलेल्या होत्या. कुणाकडून तरी कळलं म्हणून साताऱ्याहून स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. आता केस पिकलेत त्यांचे. कमी धोका याचा अर्थ काय आणि काय नाही, हे आपण लिहून देऊ, गरज पडली तर कोर्टात उभं राहून सांगू, असं त्या वहिनींना म्हणत होत्या. त्याने काही होईल का, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तसं त्या म्हणाल्याही. तात्या ओसरीवर बसून ऐकत होते. ताठ बसायची सवय अजून मोडलेली नाही. मॅडम निघाल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक इचारू? माज्या पोराची छाती चांगली हुती का न्हाई?"

मॅडम चपला घालता घालता थांबल्या. "चांगली होती, काका," त्या म्हणाल्या. "खूप चांगली होती. म्हणून तर इतकी वर्षं लागली."

तात्यांनी मान हलवली. त्यांना जे ऐकायचं होतं ते मिळालं असावं. पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

त्या गेल्यावर वहिनी जेवणाच्या तयारीला लागल्या. चुलीजवळ पिठाचा डबा नव्हता. त्यांनी मागचं दार उघडलं, परसात पत्र्याच्या आडोशाला ठेवलेला डबा काढला, आणि तिथेच उभं राहून गव्हाचं पीठ चाळायला घेतलं. शेवटच्या वर्षात संपत गावी आला की घरात पीठ चाळलेलं त्याला सोसायचं नाही. चाळणीचा आवाज आला तरी उठून अंगणात जायचा. म्हणून डबा बाहेर गेला होता. मी म्हटलं, "वहिनी, वारं सुटलंय, आत या. आता कशाला..."

"व्हय की," त्या म्हणाल्या. पण आत आल्या नाहीत. पदराने तोंड झाकून घेतलं, वारा घराकडून शेताकडे जातोय हे बघून उभ्या राहायची जागा बदलली, आणि चाळणी हलवायच्या आधी एकदा वळून दाराकडे पाहिलं... तिथे कुणी उभं नाही ना, म्हणून.